मागं न जाणारी मावशी

मी सोलापुरात लॉरी ऑफिसात बुकिंग क्लार्क होते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्या नवऱ्याकडं. बाई थट्टा करतायत की काय, हे त्यांना त्याच्याकडून तपासून घ्यायचं असतं. तो बिचारा मान हलवतो. खरंच होते. लग्नाआधी लागले, लग्नानंतर टिकले आणि ऑफिसलाच कुलूप लागलं तेव्हा बाहेर पडले. पत्र्याची लांबलचक वखार, तिच्या तोंडाशी एक टेबल, टेबलामागं मी आणि समोर दिवसभर हमाल, हातगाड्या, ड्रायव्हर आणि शिव्या. मी रुजू झाल्यावर आठवडाभर शिव्या बंद होत्या. मग त्या पुन्हा सुरू झाल्या, फक्त कानडीतून. मला कानडी येतं हे मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. तेवढीच करमणूक.

कंपनी अण्णांची. पाटीवर कंपनीचं मोठं थोरलं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे; बाजारात सगळे ‘अण्णांची गाडी’ म्हणायचे. अण्णा माझ्याहून वयानं कितीतरी मोठे, तरी तेही मला ‘अक्का’ म्हणायचे. हमालांची ‘अक्का’, ड्रायव्हरांची ‘अक्का’, मग मालकांनी वेगळं काय म्हणायचं?

बाहेरच्यांना हा धंदा फार सोपा वाटतो. इथला माल उचलला, तिथं टाकला. पण एका लॉरीत दहा दुकानदारांचा माल असतो आणि तो दहा ठिकाणी उतरायचा असतो. जो शेवटी उतरायचा तो आधी भरायचा. म्हणजे आमच्या हमालांच्या मुकादमाला, नरसय्याला, सकाळी सगळा रस्ता डोक्यात उलटा चालून यावा लागे. घरात तेलुगू बोलणारा हा माणूस गठ्ठे तेलुगूत मोजायचा आणि रागवायचा मराठीत. एक गठ्ठा चुकीच्या जागी गेला, की मोहोळच्या रस्त्यावर अर्धी लॉरी उतरवून चादरींचा बाजार मांडायची वेळ यायची.

माझं काम बोलायचं. माल काय, कुणाचा, कुठं जायचा, तिकडं उतरवून कोण घेणार, हे विचारायचं. दुसरं काम खोटं बोलायचं. पार्टी विचारायला आली की गाडी वखारीत उभी असली तरी ‘निघाली, मोहोळ सोडलं असणार’ म्हणायचं. हे सगळ्याच लॉरी ऑफिसात चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मला आणखी एक प्रश्न विचारावा लागे, जो हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्याही लॉरी ऑफिसात कुणी विचारला नसेल. मी म्हणायची, “तुमच्या दारात गाडी आली, तर पुढनंच बाहेर निघते का?”

गिऱ्हाईक म्हणायचं, “म्हंजी?”

“म्हणजे शिरली तिथनं मागं न येता, पुढच्या पुढं रस्त्याला लागते का?”

याचं कारण मावशी. मावशी ही आमची सगळ्यात जुनी लॉरी, पुढं नाक असलेली, हिरवी. सतत कुरकुरायची, कधी येईल सांगता यायचं नाही आणि आली की सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून मावशी. तर या मावशीचा रिव्हर्स गिअर मेला होता. गॅरेजवाल्या बाबूभाईंनी गिअरबॉक्स उघडला, बघितला, मिटला आणि म्हणाले, “अक्का, दांता गया इसका. पुराना मॉडेल है, किदर बी मिलता नै.”

मी ते अण्णांना सांगितलं. अण्णांनी पानाची पिंक टाकली आणि शांतपणे विचारलं, “माल पुढं न्यायचा असतोय का मागं?”

“पुढं.”

“मग?”

मग काय, मावशी तशीच राहिली.

मावशीवर भीमण्णा होता. दुधनीचा, गडी उंचपुरा, बोलणं थोडं आणि त्यातलं निम्मं कानडी. संकट आलं की एकच म्हणायचा, “एन माडोदु, अक्का?” म्हणजे, आता काय करायचं? जिल्ह्यात कुठं लॉरी वळते हे त्याला तोंडपाठ होतं. कुठल्या गावात बाजाराचं पटांगण आहे, कुठं शाळेला दोन फाटकं आहेत, कुठं चिंचेच्या झाडाला वळसा बसतो. दुधनीत तो देवळाला फेरी मारून गाडी वळवायचा. तिथल्या पुजाऱ्याला वाटायचं, काय भाविक ड्रायव्हर आहे, मालासकट प्रदक्षिणा घालतो. तो त्याला दर खेपेला प्रसादाचा नारळ द्यायचा. भीमण्णा देवाच्या बाबतीत खोटं कसं बोलायचं म्हणून पुढं खरोखरच हात जोडायला लागला.

लोक मात्र माझ्या प्रश्नाला बेफिकीर उत्तरं द्यायचे. एका अडत्यानं ‘निघती की’ म्हणून सांगितलं. मावशी त्याच्या वखारीत पुढच्या दारानं शिरली, मागचं दारही होतं, पण त्याच्यापलीकडं त्याच्या घरातली चूल होती. शेवटी बायकांनी चूल विझवली, भांडी उचलली आणि मावशी त्यांच्या परसातून तुळशीला जपून बाहेर निघाली. एकदा नव्या पेठेत मावशी आणि केळ्यांची हातगाडी समोरासमोर आल्या. केळेवाला म्हणाला, तुम्ही मागं घ्या. भीमण्णा म्हणाला, तुमी घ्या. मागून रिक्षा, मागून माणसं, मागून लग्नाचा बस्ता घेऊन निघालेलं एक सबंध खानदान. शेवटी त्या खानदानानंच केळ्यांची गाडी केळ्यांसकट उचलून दुकानाच्या पायरीवर ठेवली. कौतुक म्हणजे इतकं होऊनही आमची गाडी मागं जात नाही हे भीमण्णानं कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला त्याची लाज असते. लोकांना वाटायचं हा माणूस भलताच हट्टी आहे, आणि तेच त्याला बरं वाटायचं.

या भीमण्णाचं लग्न जमत नव्हतं. आईवडील नव्हते, आणि ड्रायव्हर म्हटलं की मुलीकडचे हात आखडते घ्यायचे. घरी कधी असतो, पितो का, कुठं कुठं थांबतो, असले प्रश्न. भीमण्णा पीत नव्हता, तंबाखूसुद्धा खात नव्हता. खायचा फक्त शेंगाचटणी आणि भाकरी. पण हे सांगायच्या आधीच लोक नकार कळवायचे. प्रत्येक नकारानंतर तो मावशी धुऊन काढायचा. त्या वर्षी मावशी इतकी चकचकीत होती की मलाच वाईट वाटायला लागलं.

अशात माढ्याकडचे तात्या ऑफिसात आले. मेंढरं राखून, पोटाला चिमटा काढून शेती केलेला माणूस. त्यांना विहिरीसाठी पाइप न्यायचे होते. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

“निघती की!” तात्या म्हणाले. “वस्तीवर शिरायचं, मेंढरांच्या वाड्याच्या अंगानं वळायचं आन् पांदीला लागायचं. लई सोपं.”

पांद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, थेट रस्त्याला मिळत होती, आणि खरंच सोपं निघालं. भीमण्णा पाइप टाकून, वळून, वेळेवर परत आला. थोड्या दिवसांनी तात्या पुन्हा आले, या वेळी माल नव्हता. म्हणाले, “अक्का, तो डायवर कुणाचा वो? गाडी चालवतो का पाळना हालवतो? मेंढराला धक्का न्हाय का बांधाला न्हाय.” मग कूळ विचारलं, देव विचारला. देव बिरोबाच निघाला. मग त्यांनी खाकरून सांगितलं, की त्यांना एकुलती एक मुलगी आहे, कमल, आणि त्यांच्या मनात आहे.

अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, जा की. पण रिकामी गाडी कशाला? कुर्डुवाडीचं सिमेंट जायचंच आहे, ते भरा आणि जाता जाता मुलगी बघा. अशा रीतीनं आमचं वऱ्हाड निघालं: नवरा मुलगा स्टिअरिंगवर, त्याची थोरली बहीण म्हणून मी, मामा म्हणून कोट घातलेला नरसय्या आणि मागं गच्च भरलेलं सिमेंट.

तात्यांच्या वस्तीकडं जाणारी वाट म्हणजे एक बोळकांडीच. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यावर निवडुंग. भीमण्णा निर्धास्त होता, वाट ओळखीची होती. मावशी झुलत झुलत दारापर्यंत गेली आणि थांबली. समोर, जिथून वाड्याच्या अंगानं पांदीला लागायचं तिथं, एक भिंत उभी होती. कोरी करकरीत, चुन्यानं रंगवलेली, माणसापुरतं फाटक असलेली.

तात्या फेटा बांधून त्या भिंतीपुढंच उभे होते. “कशी हाय?” ते म्हणाले. “पाव्हणं येनार म्हनून घातली. उघडं घर बरं दिसत न्हाय.”

भीमण्णानं माझ्याकडं बघितलं. “एन माडोदु, अक्का?”

“आधी पोहे खाऊ,” मी म्हणाले.

पोहे झाले. कमल आली, पाटावर बसली. सावळी, सरळ मानेची. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. नरसय्यानं मामाच्या अधिकारानं विचारलं, “काय काय येतं?” ती म्हणाली, “सैपाक येतो, मेंढरं वळता येत्यात, टॅक्टर येतो. तात्यांला ल्योक न्हाय, समदं मलाच करावं लागतं.” भीमण्णा तिच्याकडं बघत होता, ते बघणं मी ओळखलं. इतक्या मुली बघितल्या, पण कुणाकडं बघताना त्यानं हातातली बशी अशी तिरकी धरली नव्हती.

मग चहा झाला. आता रीत अशी, की पाहुण्यांनी ‘कळवतो’ म्हणायचं आणि उठायचं. आम्ही कळवतो म्हटलं. आणि बसून राहिलो. तात्यांनी जरा वाट बघितली, मग दुसरा चहा आला. तोही संपला. नरसय्यानं पावसापाण्याचं विचारलं, मी मेंढरांच्या लोकरीबद्दल विचारलं. तात्यांनी उत्तरं दिली आणि दाराकडं बघितलं. आम्हीही दाराकडं बघितलं. दारात मावशी होती.

आमच्याकडं मुलगी पसंत असेल तरच पाहुणे जेवायला थांबतात. स्वयंपाकघरात कुजबुज झाली आणि थोड्या वेळानं पुरण शिजल्याचा वास आला. मी नरसय्याला घेऊन बाहेर आले.

“मामा, काही तरी सुचवा.”

“अक्का, भिंत पाडू,” नरसय्या म्हणाला. “गाडी काढू. परत बांधू. सिमेंट हाय की आपल्याजवळ.”

“ते कुर्डुवाडीचं सिमेंट आहे!”

“मग सगळी पोती उतरवू, गाडी ढकलू, पोती डोक्यावर घेऊन रस्त्याला नेऊ, परत भरू.” एवढं बोलून त्यानं पोत्यांकडं बघितलं, स्वतःच्या कोटाकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाला, “नको.”

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचे दोघेचौघे येऊन मावशीभोवती फिरायला लागले. पाहुण्यांनी मुलीला बघायला येताना सिमेंट आणलंय ही बातमी पसरली होती. एकजण काठीनं तात्यांच्या दारापुढची जमीन ओट्यासाठी मोजत होता. “वटा बांदा, तात्या,” तो ओरडला. “मान्सं दिलदार हायत!”

आम्ही पुरणपोळी खाल्ली. काय करणार? एकेकानं दोन खाल्ल्या, कारण उत्तम होत्या. इकडं मुलीची पसंती आम्ही विचारली नव्हती, तिकडं आमची पसंती गावभर झाली होती, आणि गाडी जागची हलत नव्हती. भीमण्णा तर नुसता घामानं भिजला होता. एकदा का मावशीचं कळलं, की हेही स्थळ गेलं, हे त्याला दिसत होतं.

जेवणं उरकताहेत तोच बाहेर हाका सुरू झाल्या. कडब्यानं भरलेली बैलगाडी आली होती, तिला वस्तीवर यायचं होतं आणि वाटेत मावशी होती. तात्या हात धूत म्हणाले, “पाव्हणं, जरा गाडी मागं घ्या की.”

भीमण्णा उठला. केबिनमध्ये चढला. गाडी सुरू केली. मावशीनं धूर सोडला, घरघरली, थरथरली, मेंढरं ओरडली, आणि ती तिथंच राहिली. सगळी वस्ती बघत होती. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय कामाला आली आणि मी पुढं होऊन म्हणाले, “तात्या, काय सांगायचं, क्लच बसला बघा. आत्ता, येतानाच. मिस्त्रीला निरोप...”

“क्लच न्हाय बसला, अक्का,” वरून भीमण्णा म्हणाला. गाडी बंद करून तो खाली उतरला आणि तात्यांसमोर उभा राहिला. “तात्या, ही गाडी मागं जातच न्हाय. लई दिवस झाले. मी पुढनं वळवून आणतो. तुमची भिंत ठावी नव्हती.”

मग काठीवाला फसकन हसला, आणि मग सगळेच हसले. तात्या सोडून. त्यांना भिंतीचा अपमान झाल्यासारखं वाटलं असावं. ते तांबडेलाल झाले.

“मागं जातच न्हाय?” ते म्हणाले. “आन् अशा मान्साला मी पोरगी देऊ? गाडी निसती पुढं पुढं जानार. मंग माजी पोरगी म्हायाराला याची कशी?”

यात काही अर्थ नव्हता हे मला कळत होतं. पण भीमण्णानं ते मनावर घेतलं. तो खाली बघून, अगदी गंभीरपणे म्हणाला, “वळसा घालून आनीन की, तात्या. लांब पडंल, पन आनीन.”

तात्यांनी मान फिरवली. बायका आत गेल्या. मी पदर खोचला, म्हटलं झालं, आता पोती उतरवायची. आणि तेवढ्यात लांबून आवाज आला. पाटावर बसलेली कमल भीमण्णाचं बोलणं ऐकून मघाशीच परसातून शेतात गेली होती. बैलगाडी बोळाबाहेर काढायला लावून ती मागून बोळात ट्रॅक्टर घेऊन आली, त्याच जरीच्या लुगड्यावर, पदर डोक्याला घट्ट गुंडाळून. उतरली, साखळी घेतली, मावशीच्या खाली वाकून बांधली आणि भीमण्णाला म्हणाली, “बसा वर. निस्तं सरळ धरा. म्या वढते.”

नरसय्या बांधावर चढून ‘डावीकडं, जरा डावीकडं’ ओरडत होता. ट्रॅक्टरनं जोर घेतला, साखळी ताठ झाली आणि कित्येक वर्षांनी मावशी मागं गेली. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. भीमण्णाचं तोंड अर्थातच घराकडं होतं. समोर तात्या उभे, त्यांच्यामागं सगळं घर. एवढ्या माणसांसमोरून असं जाताना काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसरा हात कपाळाला लावला, तो काढलाच नाही. सबंध बोळ संपेपर्यंत तो तात्यांना नमस्कार करत मागं मागं जात राहिला. एक म्हातारी म्हणाली, “पोरगं गुनाचं हाय. थोरामोठ्यांला पाठ दावली न्हाय.”

डांबरी रस्त्यावर कमलनं साखळी सोडली. मी जवळ जाऊन म्हटलं, “पोरी, फार उपकार झाले. राग मानू नकोस.”

ती साखळी गोळा करत राहिली. मग म्हणाली, “क्लच बसला म्हनले असते तर समद्यांनी मानलं असतं. ह्यांनी न्हाय म्हनलं.” आणि साखळी ट्रॅक्टरवर टाकत, माझ्याकडं न बघता, “तात्यांला म्या सांगते. माजी पसंती हाय.”

तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही, पण तात्यांना महिनाभर लागला. अण्णांनी वरातीला मावशी दिली, तीही न मागता. तेवढंच त्यांचं मन मोठं. रंगवली, हार घातले, बोनेटला तोरण बांधलं. लग्न तात्यांच्या दारात लागलं, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली. मावशी भिंतीला नाक लावून उभी. कमल तिच्यात बसलेली, तिच्या बाजूला भीमण्णा, बाशिंग कपाळावर ढकलून स्टिअरिंगशी, कारण मावशी दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही. मी तात्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की ट्रॅक्टर तयार ठेवा. चुलतभाऊ साखळी घेऊन आलाही.

तेव्हा बायकांनी गलका केला. “अगं बाई! नवरी काय उलटी जाती व्हय कुटं? घरातनं निघायची ती पुढं बघून निघती!” म्हाताऱ्या तर साखळीला हातच लावू देईनात. कुणी म्हणालं पायी न्या, कुणी म्हणालं बैलगाडी जुंपा. गोंधळ वाढला, वाजंत्री थांबली. मग हळूहळू सगळेच तात्यांकडं बघायला लागले.

तात्या घरात गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. नवं धोतर, नवा फेटा. भिंतीपुढं उभे राहिले आणि पहिला घाव त्यांनीच घातला. पाठोपाठ नरसय्या आणि आमचे हमाल धावले. लग्नात नुसतं जेवून त्यांचे हात शिवशिवतच होते. बघता बघता भगदाड पडलं, मेंढरांच्या वाड्याच्या अंगानं पांद दिसली, वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि मावशी हार झुलवत पुढच्या पुढं निघाली. कमल रडत होती आणि बाहेर वाकून पुढं बघत होती.

तात्या पहारीवर रेलून उभे होते. तोंडावर चुना उडाला होता आणि त्यातून पाण्याचे ओघळ उतरत होते. नरसय्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, “तात्या, चिंता करू नका. दोन पोती सिमेंट मी पाठवतो. परत घालून घ्या.”

“नगं, नगं,” तात्या म्हणाले आणि फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. “आता कशाला घालायची? पोरगी ह्याच वाटंनं याची हाय.”